झारीचं चित्र

सासूचा नेम साधा होता. दारातली दोन जनावरं, कोंबड्या, परसातली झाडं, सगळ्यांना पाणी दाखवून झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घोट उतरत नसे. ताप असो, पाय सुजलेला असो. उठायची, तोंड धुवायची, देवाचं नाव घ्यायची आणि तांब्या उचलायची.

मुलगा बोटीवर कामाला निघाला त्या सकाळी तिचा हा फेरा अर्ध्यावर होता. तो पिशवी खांद्याला लावून गाडीपाशी थांबला आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "आई, माझ्यामागं हिलाही पाणी दाखवत जा. रोज थोडं. ही माझी म्हैस."

थट्टेनंच म्हणाला होता. सासूनं ती थट्टा नेमात धरली.

त्याला आता दोन वर्षं सात महिने झाले होते. कुठलं झाकण उघडायचं ते त्यानंच दाखवून ठेवलं होतं. पुढचं, रेडिएटरचं. सासू रोज उजाडायला ते उघडायची, बोट घालून बघायची, कमी असेल तर चार थेंब घालायची. भरलेलं असलं तर "पोट भरलंय होय तुझं," म्हणून झाकण लावायची. मग स्वतः पाणी प्यायची. गाडी घरची असली तरी सासऱ्यांनी तिचा टेम्पो करून टाकला होता. ते सुतार. मागची सीट आडवी करून फळ्या न्यायचे, टपावर खुर्च्या बांधायचे. सीटच्या शिवणीत भुसा इतका गेला होता की उन्हात गाडीला लाकडाचाच वास यायचा.

बोट एका दिवसासाठी बंदराला लागणार असल्याचा फोन आला तेव्हा घरात चाळीस बाकांचं काम अंगावर होतं. सासऱ्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन मधल्या खोलीत स्टुलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची रीत पडली होती. सगळ्यांनी सगळं ऐकायचं.

"बारा ते पाच मला बाहेर सोडणार आहेत," तो म्हणाला. "आणि बाबा, त्याच संध्याकाळी कागद पुढं येणार आहे. आणखी दोन वर्षांचा. साहेब म्हणतात सही कर."

"तुझं तू ठरव बाबा," सासरे म्हणाले. "आमचं काही नाही."

"आमची काळजी करू नकोस हो," सासू म्हणाली. "इथं सगळं छान आहे."

मग दोघांनी सुनेकडं बघितलं. तिची पाळी आली होती.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवलो. तू?"

"जेवले."

दोन वर्षं सात महिने ती हेच विचारत आली होती. फोन ठेवला की मग तिला खरं वाक्य सुचायचं. पॉलिशपेपर घेऊन ती बाकांचे पाय घासायला बसायची आणि हाताच्या ठेक्यावर ते म्हणून बघायची: आता पुरे. घरी या. आता पुरे. घरी या. स्टुलावरच्या फोनला ते सांगता येत नव्हतं. त्या पाच तासांत कुठंतरी कोपरा मिळेल, तिथं सांगायचं, सहीच्या आधी. एवढंच तिनं मनाशी धरलं.

तिघांना बंदराला जायचं म्हणून बाकं ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी संपवायची होती. सासरे रंधा मारत, ती घासत, सासू भुसा गोळा करून पोत्यात भरत असे. तिघांच्याही नाकातून पिवळा शेंबूड यायला लागला. अशात सासऱ्यांनी गाडी मेस्त्रीकडं नेऊन आणली. मेस्त्रीनं पुढचं गळकं झाकण बदललं, इंजिन धुऊन पुसून लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी सासूला ते नवं झाकण काही केल्या फिरेना. बोटांची पेरं सुजलेली, आणि मेस्त्रीनं दाबून बसवलेलं. कोणाला उठवावं तर सगळे दमून झोपलेले. तेवढ्यात तिला दुसरं झाकण दिसलं, इंजिनाच्या डोक्यावर, काळं, हाताला सोपं. इतके दिवस ते मळाखाली दडलं होतं. आता धुतल्यावर त्यावरचं चित्र उमटून आलं होतं: बाकदार नळीची झारी, आणि नळीच्या टोकाला एक थेंब. सासूला अक्षर येत नव्हतं. चित्र मात्र कळलं.

संध्याकाळी ती सुनेला म्हणाली, "मेस्त्री भला माणूस हो. मला उमगावं म्हणून झाकणावर चित्र दिलंय बघ. आता बोटाला त्रास नाही."

"हो का," सून म्हणाली. ती पाय मोजत होती. अठ्ठावीस झाले होते.

*

निघाले तेव्हा तांबडं फुटत होतं. सासूनं गाडीला पाणी दाखवून घेतलं होतं. पाच तासांची वाट. मांडीवर तिनं जेवणाचा डबा धरला होता, तो खाली ठेवायला ती तयार नव्हती.

"डबा पळून जात नाही," सासरे म्हणाले.

"सांडेल. तुम्ही गाडी चालवता की लाकूड कापता, देव जाणे."

"हळू चालवतो म्हणून अजून आहेस."

"म्हणून तर विचारते, पोचणार का आज?"

सून मागं बसली होती. तिनं केस दोनदा बांधले, दोनदा सोडले. बाहेर नुसती कापलेली रानं, पिवळी, कोरडी. उन्हं चढली तशी पायाखालचा पत्रा तापला. साडेतीन तास झाले असतील, चढ लागला, आणि सासऱ्यांच्या पुढ्यात काचेखाली एक लाल दिवा लागला.

"अहो, ते बघा!" सासू पुढं वाकली. "झारी पेटली."

"कसली झारी?"

"झाकणावर आहे तीच की. थेंबासकट. पाणी मागतेय बिचारी."

सासऱ्यांनी डोळे बारीक करून बघितलं. चालत्या गाडीत हा दिवा इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता. "मला लाकडाचं विचार," ते म्हणाले. गाडी कडेला लावून ते झुडपामागं गेले.

सासूच्यानं डबा सोडवेना. "पोरी, तूच घाल. बाटलीतलं. झारीच्या झाकणातून."

सुनेनं पदर खोचला, बॉनेट उचलून काठी लावली. आतून वाफाळलेली गरम हवा तोंडावर आली. फडक्यानं धरून तिनं काळं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखं पांढरं काहीतरी लागलं होतं. धुतल्याचा साबण राहिला असेल, तिला वाटलं. तिनं अर्धी बाटली ओतली. घटघट आवाज झाला, अगदी तहानेलं जनावर प्यावं तसा.

"प्याली?" सासूनं आतून विचारलं.

"प्याली."

दिवा विझला नाही. पण बाराला पोचायचं होतं. सासऱ्यांनी गाडी सोडली. वीस मिनिटांनी आतून खडखड सुरू झाली, पेटीत कोणी खिळे हलवावेत तशी. मग एकच ठोका बसला आणि गाडी झटका देऊन मेली. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. नुसतं टक. पुन्हा टक.

पुढं हाकेच्या अंतरावर टायरांचा ढीग दिसत होता. तिथवर ढकलायचं ठरलं. सासरे खिडकीतून स्टिअरिंगच्या चाकाला हात घालून, सून मागून. गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत "सुतारकाम" लिहिलेलं होतं. एक ट्रक शेजारून जाताना हळू झाला, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काका, लाकडाची आहे का गाडी?" ट्रकमधले चार जण हसले. सासऱ्यांनी मान वर केली नाही. सासू खाली उतरून डबा घेऊन मागं मागं चालत होती, पायातली चप्पल तुटलेली.

टायरवाला पंक्चर काढत बसला होता. त्यानं बॉनेटमध्ये डोकावलं आणि लगेच हात वर केले. "मी रबराचा डॉक्टर. हे लोखंडाचं दुखणं. मेस्त्री हवा, आणि मेस्त्री आज लग्नाला गेलाय."

"बंदर किती लांब?"

"दीड तास. बस नाही थांबत इथं." त्यानं तिघांना टायरांवर बसायला सांगितलं. "मऊ आहेत. बसा."

सुनेनं फोन लावला. लागला तो बाराला पाच कमी असताना. सासूनं हात पुढं केला, सासऱ्यांनी कान. मोठ्या आवाजातच सगळं सांगून झालं.

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "हलू नका. मीच येतो."

*

तो मासळीच्या ट्रकमधून उतरला तेव्हा दोनला पाच कमी होते. परत जायला साडेतीनच्या आत निघायला हवं होतं. म्हणजे दीड तास. सुनेनं मनात धरलेले पाच तास असे आखडत आखडत तिच्या पुढ्यात आले.

तो वाळला होता. हनुवटीवर थोडी पांढरी दाढी. त्याच्या चेहऱ्यावरून सासूनं दोन्ही तळवे फिरवले, कपाळापासून खाली, आंधळ्या माणसानं ओळख पटवावी तसे. सासरे म्हणाले, "आलास?" तो म्हणाला, "आलो." आणि दोघांनी गाडीकडं बघितलं. बापलेकांचं भेटणं तिथं संपलं.

बायकोकडं त्यानं बघितलं तेव्हा टायरवाला, सासू, सासरे, तिघंही बघत होते. ती म्हणाली, "जेवलात का?"

"नाही."

सासूनं डबा उघडला. तो उभ्यानं, गाडीला टेकून चार घास जेवला. ती त्याचे हात बघत होती. नखांच्या कडांत बसलेलं काळं आता साबणानं निघणारं नव्हतं. बोटीच्या इंजिनात असतो म्हणायचा. आज कळलं, असतो म्हणजे काय.

त्यानं बाह्या वर केल्या. "बघू तरी," म्हणाला. त्याला गाडी बघायची होती की नुसतं कोणाच्या नजरेसमोर उभं राहवत नव्हतं, कोण सांगणार. "पाना आहे?" टायरवाल्यानं पान्यांची पिशवी दिली. "तू ये. नट धर."

ती गेली. बॉनेट वर उचललेलं, त्याच्याआड दोघं वाकलेली. पलीकडून त्यांचे फक्त पाय दिसत असतील. दोन वर्षं सात महिन्यांत मिळालेली ही पहिली खोली, पत्र्याची, अर्ध्या भिंतीची, आणि आतून तापलेली. त्यानं तेल बघायची पट्टी उपसली आणि थांबला. पट्टीवर काळं तेल नव्हतं. ताकासारखं पांढरट काही होतं. मग त्यानं काळं झाकण काढलं, आत बोट फिरवलं.

"पाणी कोणी घातलं?" अगदी हळू विचारलं.

"मी."

"खरं सांग."

"अर्धी बाटली मी. आज." ती हातातल्या नटांकडं बघत होती. "आधीचे चार दिवस आईंनी. पुढचं झाकण त्यांच्या बोटांनी उघडेना. ह्या काळ्यावर झारीचं चित्र होतं."

त्यानं झाकण उलटं केलं. अंगठ्यानं चित्र पुसलं. "तेलाचा डबा आहे हा. बोटीवर अशी दोनशे चित्रं आहेत. रोज बघतो." पुन्हा पुसलं. "झारी म्हणून कधी दिसली नाही."

"बरी होईल?"

"नाही. जाम झालंय आतून. सगळं उघडावं लागेल, महिनाभर बसून." आणि तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला, "पाणी जाईल तिथं तेल राहत नाही."

तिनं एक श्वास घेतला. "आता पुरे. घरी या."

नेमका तेव्हा एक लांबलचक ट्रक हॉर्न देत गेला. पत्रा थरथरला.

"काय म्हणालीस?"

इतके दिवस घासून गुळगुळीत केलेलं वाक्य, ते ट्रकखाली गेलं. तिला रडू आलं नाही, रागच आला. "घरी या म्हटलं. आई छान आहे म्हणतात ते खोटं आहे. त्यांच्यानं झाकण फिरत नाही. बाबांना रंधा मारला की रात्रभर खांदा शेकावा लागतो. आणि मी तुम्हाला जेवलात का विचारते. मला ते विचारायचंच नसतं कधी."

"मग काय विचारायचं असतं?"

"कधी येता."

तो इंजिनाकडं बघत राहिला. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, खाली पडला, आणि उन्हानं तापलेल्या लोखंडावर वाळला.

"कोणी म्हणालंच नाही," तो म्हणाला. "दर फोनला सगळं छान. मला वाटलं, माझ्याशिवाय छान आहे."

"झालं का रे?" पलीकडून सासूची हाक. "सापडलं?"

"सापडलं, आई."

तो बाहेर आला, फडक्याला हात पुसत. सासू टायरवरून उठून उभी राहिली. तिच्या ओठांना कोरड पडली होती. "माझ्या पाण्यानं तर नाही ना झालं?"

"तुझ्या पाण्यानं इथवर आली," तो म्हणाला. "म्हातारी झाली होती. तू बघत होतीस म्हणून दोन वर्षं जास्त चालली."

सासऱ्यांनी फडक्यावरचा पांढरा डाग बघितला. बोटानं घासून बघितला. मग म्हणाले, "लाकडाला कीड लागते ना, तसं लोखंडाचंही असणार."

"तसंच असतं, बाबा."

टायरवाला हवा भरत होता. त्यानं पंपाचा दट्ट्या उगाच दोनदा जास्त दाबला.

सव्वातीनला बंदराकडं जाणारी वाळूची गाडी थांबली. त्यानं काळं झाकण चिंधीत गुंडाळून खिशात घातलं. सासूला म्हणाला, "हे नेतो. तिकडं नवं मिळतं का बघतो." गाडीत चढताना बायकोच्या मनगटाला धरून हळूच म्हणाला, "तोंड उघडं राहील. स्वच्छ चिंधी कोंब. धूळ जाऊ देऊ नकोस."

"किती दिवस?"

वाळूची गाडी निघाली. तिच्या मनगटावर चार बोटांचं काळं राहिलं.

*

एक रिकामा टेम्पो परत त्यांच्याच वाटेनं चालला होता. त्याच्यामागं दोरखंडानं गाडी बांधली. सासरे मेलेल्या गाडीत चाक धरून बसले, सासू आणि सून टेम्पोवाल्याशेजारी. सूर्य पाठीमागं कलला होता. रिकामा डबा सासूच्या मांडीवरच होता.

दिवस मावळता मावळता फोन वाजला. सवयीनं सासूनं तो मोठ्या आवाजात लावून मध्ये धरला.

"पोचलो," तो म्हणाला. मागं लोखंड आपटल्याचे आवाज. "साहेब समोर आहेत. कागद आहे पुढ्यात. तुम्ही कुठवर?"

"वाटेत आहोत," सासू म्हणाली. तिच्या तोंडावर नेहमीचं वाक्य आलेलं सुनेला दिसलं. पण ते बाहेर पडलं नाही. सासूनं फोन सुनेच्या तोंडाशी नेला.

टेम्पोवाला अनोळखी माणूस. त्यानं गाणं लावलं होतं, ते बारीक केलं.

"कधी येता?" तिनं विचारलं.

टेम्पोवाला समोरच्या रस्त्याकडं इतका लक्ष देऊन बघत होता की जणू पहिल्यांदाच चालवतोय.

"सही नाही करत," तो म्हणाला. "आधीचा करार आहे, तेवढा पुरा करावा लागेल. पाच महिने. चिंधी टिकेल?"

"चांगली कोंबली तर टिकेल."

फोन बंद झाला. दोन वळणं गेल्यावर टेम्पोवाला घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, विचारू का? चिंधी कसली?"

"आमच्या म्हशीच्या तोंडाला," सासू म्हणाली.

त्यानं गाणं पुन्हा मोठं केलं.

*

दुसऱ्या दिवशी सून उठून बाहेर आली तर सासू अंगणात उभी. जनावरं पिऊन झाली होती, कोंबड्या झाल्या होत्या, झाडांच्या आळ्यांत पाणी चमकत होतं. सासूच्या हातात भरलेला तांब्या होता आणि ती गाडीसमोर नुसती उभी होती. गाडीवर रस्त्याची धूळ. बॉनेटखाली काल कोंबलेली पांढरी चिंधी.

"तो तेलाचा डबा होता ना गं?" सासू न वळताच म्हणाली.

सून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही दोघं आत वाकला होतात, तेव्हा टायरवाल्याला विचारलं मी. झारीसारखं असतं ते काय. त्यानं सांगितलं." तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "लहान होता तेव्हाही माझ्यासाठीच खोटं बोलायचा. बापाला सांगायचा, मडकं मीच फोडलं."

"आई, पाणी प्या तुम्ही."

"कशी पिऊ? हिला पाजता येत नाही आता. पाच महिने नेम मोडायचा का?"

उन्हाचा पहिला तुकडा कुंपणावर आला होता. सुनेनं सासूच्या सुजलेल्या बोटांकडं बघितलं, तांब्याला घट्ट धरलेल्या. मग मनगटाकडं. तिथलं काळं तिनं काल धुतलं नव्हतं.

"आई, ते काय म्हणाले होते जाताना? नीट आठवा."

"हिलाही पाणी दाखवत जा म्हणाला."

"दाखवत जा म्हणाले. पाजत जा कुठं म्हणाले?"

सासूनं तिच्याकडं बघितलं. मग ती दोन पावलं पुढं झाली, तांब्या दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या पुढच्या दिव्यांसमोर धरला, तान्ह्या पोराला चंद्र दाखवावा तसा. थोडा वेळ तसाच धरला. पाण्यात आभाळ हललं, स्थिर झालं.

मग तोच तांब्या तिनं ओठांना लावला.